ई-संसाधनांचा कारभार हाती आला, आता नेमके काय शिकावे?

सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथपाल लिहितात :

"माझी बहुतेक नोकरी देवघेव, तालिकीकरण आणि नियतकालिकांचा विभाग यांत गेली. आमचे वरिष्ठ निवृत्त झाल्यावर एन-लिस्ट (महाविद्यालयांना ई-जर्नल्स व ई-पुस्तके पुरवणारी योजना), दोन विकतचे डेटाबेस आणि ई-पुस्तकांचा एक संच असे सारे काम माझ्याकडे आले. प्राचार्यांचे म्हणणे असे की, आता सरकारच सगळी जर्नल्स देणार आहे, त्यामुळे यात फारसे काम उरणार नाही. प्राध्यापकांची तक्रार असते की, लिंक उघडत नाही. एका कार्यशाळेत तर सांगण्यात आले की, यापुढे ग्रंथपालाला प्रोग्रॅमिंग आलेच पाहिजे. मी पंचेचाळिशी ओलांडली आहे. पायथनचा अभ्यासक्रम लावावा, की हे काम आयटीच्या माणसाकडे द्यावे अशी विनंती करावी?"

सप्रेम नमस्कार.

पायथनचा अभ्यासक्रम सध्या लावू नका आणि हे काम आयटीच्या माणसाकडेही सोपवू नका. तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर तुम्ही स्वतः फारसा भर दिलेला नाही, तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते : तुम्ही नियतकालिकांचा विभाग सांभाळला आहे. कोणता अंक आला, कोणता आला नाही, वर्गणी कधी भरली, एजंटाला स्मरणपत्र केव्हा पाठवले, वर्षाचा खंड पूर्ण झाल्याखेरीज बांधणीला द्यायचा नाही, ही जी शिस्त त्या विभागात अंगी लागते, तीच ई-संसाधनांच्या व्यवस्थापनाचा पाया आहे. हे मी तुम्हाला धीर देण्यासाठी लिहीत नाही. ई-संसाधने सांभाळणाऱ्या ग्रंथपालांना कोणती कौशल्ये लागतात याची जी मांडणी जगभर प्रमाण म्हणून वापरली जाते, ती २०१३ मध्ये नॅसिग या अमेरिकेतील संघटनेने स्वीकारली, आणि ही संघटना मुळात नियतकालिकांचे काम करणाऱ्या ग्रंथपालांनीच १९८५ मध्ये उभी केलेली आहे. त्या मांडणीत संसाधनाचे संपूर्ण जीवनचक्र, तंत्रज्ञान, संशोधन व मूल्यमापन, संवाद, व्यवस्थापन, व्यवसायातील बदलांचा मागोवा आणि व्यक्तिगत गुण असे सात भाग आहेत. त्यांतला तंत्रज्ञानाचा भाग एकच आहे. व्यक्तिगत गुणांमध्ये तर गुंतागुंत आणि अनिश्चितता सहन करण्याची ताकद हा गुण स्पष्टपणे नोंदवलेला आहे, आणि प्रकाशकाच्या मदत कक्षाशी ज्याने कधी पत्रव्यवहार केला आहे, त्याला तो तिथे का आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही.

प्राचार्यांच्या मुद्द्याचे उत्तर आधी देतो, कारण तो मिटल्याशिवाय तुम्हाला या कामासाठी वेळ मिळणार नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० ई-जर्नल्स आणि ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा आवाका असून, समन्वयाचे काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे आहे. योजना मोठी आहे यात शंका नाही. परंतु ती केंद्र व राज्य शासनाच्या उच्चशिक्षण संस्थांसाठी आणि केंद्र शासनाच्या संशोधन संस्थांसाठी आहे. तेव्हा तुमच्या महाविद्यालयाचे नाव लाभार्थी संस्थांच्या यादीत आहे की नाही, हे ऐकीव माहितीवर न सोडता ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या आणि ते फाइलला लावा. नाव असले तरी काम संपत नाही. जी जर्नल्स योजनेतून मिळतात, त्यांसाठी आपण वेगळे पैसे मोजत आहोत का, योजनेत ती कोणत्या वर्षापासून दिसतात, ई-पुस्तके व डेटाबेस यांचे काय, आणि घरून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ती उघडतात का, हे तपासणारे माणूस महाविद्यालयातच असावे लागते. हे चार प्रश्न प्राचार्यांसमोर एका पानावर मांडा. 'काम उरणार नाही' हे वाक्य बहुधा तिथेच थांबेल.

आता शिकण्याच्या गोष्टींकडे येतो. माझ्या मते पहिला क्रमांक परवाना कराराच्या वाचनाचा लागतो, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त हेळसांड त्याचीच होते. छापील पुस्तक विकत घेतले की ते ग्रंथालयाच्या मालकीचे होते आणि पुढचे प्रश्न बहुतांशी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या चौकटीत सुटतात. ई-संसाधनाच्या बाबतीत आपल्याला मिळतो तो फक्त वापराचा हक्क, आणि त्याच्या सीमा करारात लिहिलेल्या असतात. एजंट करारावर सही घ्यायला येतो तेव्हा किमतीचे पान वर असते आणि व्याख्यांचे पान आत असते. तुम्ही व्याख्यांपासून सुरुवात करा. 'अधिकृत वाचक' कोण हे तिथे ठरते : तासिका तत्त्वावरील प्राध्यापक, निवृत्त प्राध्यापक, दूरशिक्षण केंद्राचे विद्यार्थी, ग्रंथालयात येऊन वाचणारा गावातला नागरिक, यांपैकी कोणाला संसाधन वापरू देता येईल हे आपल्या सोयीवर नाही, तर त्या व्याख्येवर अवलंबून असते. माजी विद्यार्थी सहसा तीत बसत नाहीत. म्हणूनच एन-लिस्टसारख्या व्यवस्थेत, जिथे प्रत्येक वाचकाला स्वतंत्र लॉगिन असते आणि त्याची नोंद महाविद्यालयाच्या प्रशासकाने करायची असते, तिथे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी बाहेर पडल्यावर त्यांची नावे काढणे हे साठा पडताळणीइतकेच ठरलेले वार्षिक काम मानले पाहिजे.

दुसरे कलम शोधा ते वर्गणी थांबल्यानंतरच्या हक्काचे. छापील जर्नल बंद केले तरी मागचे बांधीव खंड कपाटात राहतात. ई-जर्नल बंद केले की करारात काही लिहिले नसल्यास भरलेल्या वर्षांचे अंकही दिसेनासे होतात. म्हणून एजंटाला एकच प्रश्न लेखी विचारा : आम्ही २०२७ अखेर वर्गणी थांबवली तर ज्या वर्षांचे पैसे भरले आहेत त्या वर्षांचे अंक आम्हाला कुठे, किती काळ आणि कोणत्या शुल्कात वाचता येतील? प्रकाशकच बुडाला किंवा त्याने जर्नल दुसऱ्याला विकले तर काय, हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे. पोर्टिको, क्लॉक्स यांसारख्या जतनव्यवस्था त्यासाठीच निर्माण झाल्या असून, आपले जर्नल त्यांपैकी कशात ठेवले जाते का हे प्रकाशकाला सांगता आले पाहिजे. तोंडी 'हो मॅडम, मिळेल ना' या उत्तराला काही किंमत नाही. तिसरे कलम आपोआप नूतनीकरणाचे. ठरावीक दिवस आधी नोटीस न दिल्यास करार पुढच्या वर्षासाठी लागू राहील, असे वाक्य अनेक करारांत असते, आणि ती नोटीस द्यायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवण्याजोगी असते. अलीकडच्या अनेक करारांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांत लेखांचा मजकूर भरण्यावरही निर्बंध येऊ लागले आहेत. प्राध्यापक मंडळी लेखाची पीडीएफ चॅटबॉटला देऊन सारांश काढून घेतात, त्यामुळे आपल्या करारात याविषयी काय म्हटले आहे ते तुम्हाला ठाऊक हवे. कायदेशीर भाषेने दडपून जाऊ नका. चार करार लागोपाठ वाचले की तीच ती कलमे पुन्हा भेटतात, आणि पाचव्या करारात जे वेगळे असते ते लगेच डोळ्यांत भरते.

प्राध्यापकांची 'लिंक उघडत नाही' ही तक्रार आता घेऊ. इथे आयटीच्या माणसाची मदत लागते, पण निदान तुम्हीच करायचे असते, कारण वर्गणी, करार, नेटवर्क आणि वाचक ही सारी साखळी फक्त तुम्हालाच दिसते. वर्गणीची मुदत संपली आहे का, प्रकाशकाने आपले संकेतस्थळ बदलले आहे का, महाविद्यालयाचा आयपी पत्ता (इंटरनेटवर महाविद्यालय ज्यावरून ओळखले जाते तो आकडा) बदलला आहे का, प्रॉक्सी (बाहेरच्या वाचकाला महाविद्यालयाच्या पत्त्यावरून आत नेणारी सोय) किंवा दूरस्थ लॉगिनची व्यवस्था बिघडली आहे का, की वाचक मुळात आपल्या संचात नसलेलाच लेख मागतो आहे, या क्रमाने पाहत गेले की बहुतेक तक्रारींचे मूळ सापडते. तपासण्याची सोपी रीत अशी की, तोच लेख एकदा महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून, एकदा मोबाइलच्या डेटावरून, आणि त्याच प्रकाशकाचा दुसरा एखादा लेख दोन्हीकडून उघडून पाहायचा. महाविद्यालयात उघडतो आणि बाहेर उघडत नाही, तर दोष दूरस्थ लॉगिनमध्ये आहे. दोन्हीकडे उघडत नाही पण दुसरा लेख उघडतो, तर प्रश्न वर्गणीच्या यादीचा आहे. प्रकाशकाला आपला आयपी पत्ता कळवताना '१९२.१६८.' किंवा '१०.' (पहिल्या टिंबाआधी नेमके दहा) असा सुरू होणारा आकडा देऊ नका, कारण तो महाविद्यालयाच्या आतला पत्ता असतो आणि बाहेरच्या जगाला दिसत नाही. इंटरनेट कंपनीकडून मिळालेला सार्वजनिक आणि कायमस्वरूपी पत्ताच द्यायचा असतो. इंटरनेट कंपनी बदलण्याचा निर्णय कार्यालयात होतो आणि ग्रंथालयाला तो कळतो तो सगळे बंद पडल्यावर, असा प्रकार फार ठिकाणी घडतो. त्यावर उपाय एकच : अशा निर्णयाची प्रत ग्रंथालयाला यावी, हे प्राचार्यांच्या सहीने नमूद करून घ्या.

यातलाच एक अवघड प्रसंग तुमच्यावर कधी ना कधी येईल, म्हणून तो जरा तपशिलाने सांगतो. एखादा विद्यार्थी डाउनलोड करणारे सॉफ्टवेअर लावून जर्नलचे खंडच्या खंड उतरवून घेतो, प्रकाशकाची यंत्रणा ते ओळखते आणि महाविद्यालयाचा आयपी पत्ता अडवते. एकाने केलेल्या उद्योगामुळे सर्वांचे वाचन थांबते, कारण बाहेरून पाहताना संपूर्ण महाविद्यालय एकाच पत्त्यावरून येताना दिसते. प्रकाशकाचा ईमेल येतो, त्यात तारीख आणि वेळ दिलेली असते. ती वेळ बहुधा ग्रीनिच प्रमाणवेळ असते. समजा ईमेलमध्ये मंगळवारी १९:१० असे लिहिले असेल, तर आपल्याकडे तेव्हा बुधवार उजाडून रात्रीचे १२ वाजून ४० मिनिटे झालेली असतात. साडेपाच तासांचा हा फरक न धरता मंगळवारी संध्याकाळी ग्रंथालयात बसलेल्या मुलांची चौकशी सुरू केली, तर निरपराध मुले अडचणीत येतात, आणि प्रत्यक्षात तो उद्योग वसतिगृहातून झालेला असतो. वेळ नीट जुळवा, मग नेटवर्क सांभाळणाऱ्याकडून किंवा प्रॉक्सीच्या नोंदींतून ते लॉगिन शोधा, ते बंद करा आणि प्रकाशकाला काय केले ते थोडक्यात कळवा. विद्यार्थ्याचे नाव प्रकाशकाला देण्याची गरज सहसा नसते, आणि वाचकाची गोपनीयता जपणे हा आपल्या व्यवसायाचा जुना नियम आहे. 'अमुक लॉगिन बंद केले असून संबंधितास समज दिली आहे' एवढे पुरते. विद्यार्थ्याशी बोलताना मात्र तो चोर आहे असे गृहीत धरू नका. बऱ्याचदा त्याला परीक्षेनंतर गावी जायचे असते, तिथे नेट नसते आणि सगळे एकदम घेऊन ठेवावे इतकाच त्याचा हिशोब असतो.

वापराच्या आकड्यांविषयी. एजंट नूतनीकरणाच्या वेळी जो रंगीत आलेख दाखवतो, त्यात काय मोजले आहे हे विचारण्याची सवय लावा. यासाठी 'काउंटर' नावाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिची पाचवी आवृत्ती जानेवारी २०१९ पासून आणि ५.१ ही सुधारित आवृत्ती जानेवारी २०२५ पासून लागू झाली. तिच्यात 'इन्व्हेस्टिगेशन' आणि 'रिक्वेस्ट' असे दोन प्रकार आहेत. वाचकाने लेखाचा सारांश जरी पाहिला तरी पहिल्यात भर पडते. दुसऱ्यात भर पडते ती पूर्ण लेख उघडला किंवा उतरवला तरच. शिवाय एकाच बैठकीत वाचकाने तोच लेख आधी वेबपानावर वाचला आणि मग पीडीएफ घेतली, तर 'टोटल' आकड्यात दोन धरले जातात आणि 'युनिक' आकड्यात एकच. समजा एका संचाची वर्गणी ३,६०,००० रुपये आहे. इन्व्हेस्टिगेशन ४,५०० असतील तर एजंट सांगेल की, एका वापराला तुम्हाला ८० रुपये पडतात. टोटल रिक्वेस्ट १,५०० असतील तर तोच खर्च २४० रुपये होतो, आणि युनिक रिक्वेस्ट ९०० असतील तर ४०० रुपये. तिन्ही आकडे खरे आहेत, पण निर्णयासाठी तुम्ही तिसरा वापरा आणि दरवर्षी तोच वापरा. जर्नलांच्या अहवालात मुक्त प्रवेशाचे लेख वगळलेले आहेत ना हेही पाहा, कारण जे जगाला फुकट मिळते ते आपल्या वर्गणीच्या खात्यावर धरण्यात अर्थ नाही. याच संहितेत वाचकाने मागितलेले पण वर्गणीअभावी न मिळालेले लेख दाखवणारा अहवालही असतो. तो फारसे कोणी मागत नाही. नवे काय घ्यावे याचा त्याच्याइतका प्रामाणिक पुरावा मला दुसरा ठाऊक नाही.

तरीही आकड्याला शेवटचा शब्द देऊ नका. मराठी किंवा इतिहास विभागातील एकच संशोधक वर्षभर ज्या डेटाबेसवर प्रबंध लिहितो, त्याचा दर वापराचा खर्च नेहमीच महाग दिसणार. तिथे त्या विभागप्रमुखाचे लेखी मत जोडून मगच प्रस्ताव ग्रंथालय समितीपुढे ठेवावा.

प्रोग्रॅमिंगऐवजी काय शिकावे, तर स्प्रेडशीट मनापासून शिकावे. प्रकाशक आपल्या शीर्षकांची यादी 'केबार्ट' या ठरलेल्या नमुन्यात देतात. तीत प्रत्येक जर्नलचा छापील आणि ऑनलाइन आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक), पहिल्या व शेवटच्या उपलब्ध अंकाची तारीख आणि विलंबाची अट अशा रकान्यांची रचना असते. विलंबाच्या रकान्यात 'पी१वाय' दिसले तर ताजे एक वर्ष वगळून मागचे अंक मिळतात, आणि 'आर१०वाय' दिसले तर फक्त अलीकडच्या दहा वर्षांचे. सरकारी योजनेची यादी आणि आपल्या विकतच्या संचाची यादी समोरासमोर ठेवून आयएसएसएनवरून जुळवली, आणि वर्षांचे रकाने नीट पाहिले, की दुहेरी खर्च कुठे होतो हे एका दुपारी कळते. छापील व ऑनलाइन आवृत्तीचे आयएसएसएन वेगळे असतात, म्हणून दोन्हींवरून जुळवणी करा. आणि अशी फाइल दोनदा क्लिक करून थेट उघडू नका. एक्सेल तारखांचे स्वरूप आपल्या मनाने बदलते आणि तेरा अंकी आयएसबीएनचे ९.७८ई+१२ असे काहीतरी करून टाकते. फाइल आयात करताना ते रकाने 'टेक्स्ट' म्हणून घेतले की हा त्रास होत नाही. तुमच्याकडे कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली असेल आणि आवृत्ती २२.११ किंवा त्यानंतरची असेल, तर करार व परवाने नोंदवण्याचा ई-संसाधनांचा विभाग तिच्यात आहे. नसेल तर सध्या एक साधी तालिका पुरेल : संसाधनाचे नाव, कराराची मुदत, नोटिशीची तारीख, रक्कम, चलन, अधिकृत वाचक, लॉगिनची पद्धत आणि तक्रारीसाठीचा ईमेल.

पैशांबाबत थोडेच लिहितो. प्रकाशकांचे वर्ष सहसा जानेवारी ते डिसेंबर आणि आपले अंदाजपत्रक एप्रिल ते मार्च, त्यामुळे दरपत्रके ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच मागवून नोव्हेंबरपर्यंत समितीचा निर्णय झाला नाही, तर जानेवारीत वाचन बंद पडण्याची पाळी येते. परकीय चलनातील बिलाला कोणत्या दिवसाचा विनिमय दर लागेल हे मागणीपत्रातच लिहा. छापील पुस्तकांसाठी सवयीचा झालेला जीओसी (गुड ऑफिसेस कमिटीचा) विनिमय दर इथे आपोआप लागू होईल असे धरून चालू नका. जीएसटीचा प्रश्न लेखापालांना विचारून त्यांचे मत टिपणीवर घ्या.

उरते ते लिहिण्याचे कौशल्य. मदत कक्षाला 'आमचे जर्नल चालत नाही' असे लिहिले की तीन ईमेल फक्त प्रश्नोत्तरांत जातात. लेखाचा पूर्ण दुवा, तारीख, भारतीय प्रमाणवेळेनुसार वेळ, वापरलेले नेटवर्क आणि सार्वजनिक आयपी पत्ता, लॉगिनची पद्धत, पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा आणि त्याचे चित्र, हे सारे पहिल्याच ईमेलमध्ये गेले पाहिजे. याउलट प्राध्यापकांना लिहिताना यातले काहीही नको. काय बंद आहे, केव्हापर्यंत सुरू होण्याची अपेक्षा आहे आणि तोवर लेख हवा असेल तर कोणाला कळवायचे, एवढेच त्यांना हवे असते. प्राचार्यांना तिसऱ्या प्रकारचे टिपण लागते, ज्यात रक्कम, वापर आणि शिफारस एका पानात मावते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅककडून ग्रंथालयाच्या ई-संसाधनांविषयी जी माहिती मागितली जाते, तिची कागदपत्रे अशा टिपणांतूनच तयार होत जातात, आणि मूल्यांकनाच्या वर्षी रात्री जागाव्या लागत नाहीत.

प्रोग्रॅमिंग वाईट नाही. वर्ष-दोन वर्षांनी, दर महिन्याला पंधरा ठिकाणांहून वापराचे अहवाल हाताने उतरवण्याचा कंटाळा आला आणि 'सुशी' या पद्धतीने ते आपोआप मागवता येतात हे कळले, की तेव्हा जेवढे लागेल तेवढे शिका. गरज समोर असली म्हणजे पंचेचाळिशीचा अडथळा वाटत नाही.

सुरुवात खात्यांपासून करा. एन-लिस्ट आणि प्रत्येक प्रकाशकाचे प्रशासक खाते कोणाच्या ईमेलवर आहे ते पाहा. ते निवृत्त ग्रंथपालांच्या खासगी ईमेलवर असण्याची शक्यता मोठी आहे, आणि नूतनीकरणाच्या सूचना तिकडेच जात असतील. महाविद्यालयाच्या नावाने ग्रंथालयाचा स्वतंत्र ईमेल करून घ्या, सर्व खाती त्यावर वळवा, आणि वरिष्ठांशी संपर्क आहे तोवर मागचे करार व बिले कुठे ठेवली आहेत हे त्यांच्याकडून समजून घ्या. त्यानंतर या कामासाठी आठवड्यातील ठरावीक तास देणारा कार्यालयीन आदेश प्राचार्यांकडे लेखी मागा. देवघेवीच्या टेबलावर बसून करार वाचून होत नाहीत, हे त्या अर्जात स्पष्ट लिहायला हरकत नाही.